लॅप्रोस्कोपीची यंत्रे आली, उपकरणांचे ट्रे किती आले?

संपादक महोदय,

वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात लॅप्रोस्कोपी (पोटाला लहान छिद्रे पाडून कॅमेऱ्याच्या मदतीने होणारी शस्त्रक्रिया) सुरू करायची म्हटली की खरेदीची यादी कॅमेरा आणि मॉनिटरपाशी संपते. शिकाऊ हातांचे काय? अमेरिकेत ५५ सर्जनांच्या आठ हजारांहून अधिक पित्ताशय शस्त्रक्रियांचा अभ्यास १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. पित्तनलिकेच्या दुखापतींपैकी ९० टक्के त्या त्या सर्जनच्या पहिल्या ३० केसेसमधल्या होत्या. तेवढ्या केसेसना तरी अनुभवी सर्जन हात धुऊन टेबलाशी उभा हवा; फोनवर असून भागत नाही.

टेबलावर थांबायचे कधी, हेही आधी ठरलेले असावे. पोट फुगवणारा गॅस सुरू करताच दाब पाऱ्याच्या १० मिलिमीटरच्या वर गेला तर गॅस सोडणारी वेरेस सुई बहुधा चुकीच्या जागी आहे. गॅस रेटू नये. पोट फुगताना नाडी एकदम मंदावली, तर भूलतज्ज्ञाने सांगताक्षणी गॅस सोडायचा. पित्ताशयात जाणाऱ्या दोनच रचना (त्याची नळी आणि धमनी) स्पष्ट दिसल्या, पित्ताशयाचा खालचा एक तृतीयांश भाग यकृतापासून सुटला, तरच त्या बंद करणारी क्लिप लावायची. नाहीतर पोट उघडावे. त्यात कमीपणा नाही. (अर्थात, उघडी शस्त्रक्रिया निवासी डॉक्टरांनी पाहिलेलीच नसेल, तर उघडणार कोण?)

सर्वांत दुर्लक्षित जागा मात्र धुण्याच्या खोलीत असते. ग्रास्परचे (पोटातला भाग पकडणाऱ्या लांब चिमट्याचे) हँडल, बाहेरची नळी आणि आतला दांडा सुटे केले नाहीत तर नळीत रक्त सुकते आणि जंतुनाशक तिथवर पोचत नाही. दोन टक्के ग्लुटराल्डिहाइड या जंतुनाशक द्रावात वीस मिनिटे बुडवल्याने बीजाणू (जंतूंची चिवट, सुप्त रूपे) मरत नाहीत. त्यासाठी सुमारे दहा तास लागतात. त्यावर कहर म्हणजे उपकरण नळाच्या पाण्यात खळबळायचे! त्या पाण्यातले मायकोबॅक्टेरिया (क्षयाच्या जंतूंच्या जातकुळीतले जंतू) पोर्टच्या, म्हणजे उपकरणे आत घालायच्या छिद्राच्या, जखमेत शिरतात. भरलेली जखम काही आठवड्यांनी गाठ धरून वाहू लागते, नेहमीची अँटिबायोटिक्स लागू पडत नाहीत, उपचार महिनोन्महिने चालतात.

त्यामुळे खरेदी करतानाच ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात) चालणारी, पूर्ण सुटी होणारी उपकरणे मागावीत. धुणाऱ्या कर्मचाऱ्याला ती सुटी करून, ब्रशने घासून पुन्हा जोडायला शिकवावे. दांड्यावरचे वीजरोधक इन्सुलेशन दर वेळी उजेडात फिरवून तपासावे. बारीक चीर असली तरी तिथून वीज निसटून कॅमेऱ्याच्या नजरेआड आतडे भाजते आणि ते कळते तीन-चार दिवसांनी. उपकरणांचे संच, म्हणजे ट्रे, दोनच असतील आणि मधल्या वेळेत ते ऑटोक्लेव्ह होणार नसतील, तर दिवसाच्या यादीत तिसरी केस लावू नये.

– शल्यचिकित्सेचे एक अध्यापक