एका समासातल्या प्रश्नाबद्दल

आदरणीय बाई,

सादर नमस्कार.

शेक्सपिअरच्या ११६ क्रमांकाच्या सुनीतावरचे, म्हणजे चौदा ओळींच्या प्रेमाविषयीच्या कवितेवरचे, माझे टिपण आपण परत दिलेत, तेव्हा समासात एकच प्रश्न होता : ‘प्रेम काय नाही, हे या कवितेत किती वेळा सांगितले आहे?’ त्या प्रश्नाबद्दल आणि त्यानंतर माझ्यासाठी काढलेल्या तीन दुपारींबद्दल आपले मनापासून आभार मानण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

माझे टिपण ‘निरपेक्ष’, ‘चिरंतन’ अशा विशेषणांनी भरले होते. १६०९ साली छापल्या गेलेल्या त्या चौदा ओळींपैकी एकाही शब्दाला मी हात लावला नव्हता. आपण मला नकार मोजायला बसवलेत. परिस्थिती पालटली म्हणून पालटते ते प्रेम नव्हे, दुसरा दूर झाला म्हणून दूर होते तेही नव्हे, आणि प्रेम हे काळाच्या हातचे खेळणे नव्हे. मूळ इंग्रजीत ‘अल्टर्स’च्या मागोमाग ‘अल्टरेशन’ येते, ‘रिमूव्हर’च्या मागोमाग ‘रिमूव्ह’ येते; बदलाविषयी बोलणारे शब्द स्वतःच रूप बदलत जातात आणि त्यांच्या आधीच्या ओळीत ‘लव्ह’ मात्र दोनदा जसाच्या तसा उभा असतो, हे आपण बोट ठेवून दाखवलेत. चौथ्या ओळीत प्रेम वाकत नाही म्हटले आहे, आणि दहाव्या ओळीत वाकडा आहे तो काळाचा विळा. गुलाबी ओठ आणि गाल त्याच्या टप्प्यात येतात, हे कवी नाकारत नाही.

कवितेत प्रेमाला भरकटलेल्या जहाजांचा तारा म्हटले आहे; त्या ताऱ्यावर आपण पूर्ण दुपार दिलीत. मी त्याला सौंदर्याची उपमा समजून पुढे गेले होते. खलाशी ध्रुवताऱ्याची क्षितिजापासूनची उंची मोजून आपण किती उत्तरेला आहोत हे ठरवत, हे आपण कागदावर एक रेघ ओढून आणि तिच्यावर कोन काढून समजावलेत, तेव्हा आठवी ओळ उलगडली : उंची मोजता येते, मोल मात्र कळत नाही. भरकटलेल्या जहाजाकडून तो तारा काहीही मागत नाही, म्हणूनच जहाजाला त्याच्यावर विसंबता येते. सवयीने लिहिलेला ‘निरपेक्ष’ हा शब्द मला त्या दुपारी खऱ्या अर्थाने समजला.

शेवटच्या दोन ओळींवर आपला मतभेद राहिला. हे चूक ठरले, तर मी कधी लिहिलेच नाही आणि कोणी कधी प्रेम केलेच नाही, असे कवी म्हणतो. आपल्याला ती ठाम शपथ वाटते. मला मात्र त्या ‘तर’मध्ये आवाज किंचित कापल्यासारखा ऐकू येतो, कारण प्रेमाला कुठलीच अट लागू न देणारी कविता अखेर एका अटीवर येऊन थांबते. माझे म्हणणे आपण खोडून काढले नाहीत. ‘हेच लिही, पण ओळींच्या आधाराने लिही,’ एवढेच म्हणालात. नव्या टिपणाची सुरुवात मी त्याच ‘तर’पासून केली आहे, ते या पत्रासोबत जोडले असून समास मुद्दाम रुंद ठेवला आहे.

आपली कृतज्ञ विद्यार्थिनी