जायकवाडीच्या बातम्यांचे जाळे आणि नावांची यादी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नाशिक-नगरच्या धरणांतून जायकवाडीत पाणी सोडण्याचा वाद मराठवाडा वर्षानुवर्षे वाचत आला आहे. परंतु बातम्या सुट्या वाचल्या जात असल्याने कोणते धरण, कोणते कार्यालय आणि कोणता आदेश वारंवार एकत्र येतात, हे ध्यानात राहत नाही. या बातम्यांपासून नेटवर्क ग्राफ तयार करता येतो. त्यात प्रत्येक नाव हा एक बिंदू असतो, दोन नावे एकाच बातमीत आली की त्यांच्यात रेषा ओढली जाते, आणि अशा बातम्या वाढतील तशी ती रेषा जाड होते. गेफी किंवा पायथनमधील नेटवर्कएक्स ही साधने मोफत मिळतात.

खरे कष्ट आहेत ते मराठी नावे जुळवण्याचे. ‘लातूर’, ‘लातूरचा’ आणि ‘लातुरात’ ही संगणकाला तीन निराळी नावे वाटतात. जायकवाडीचा जलाशय म्हणजेच नाथसागर, हे त्याला सांगावे लागते. २०२३ मध्ये औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचे धाराशिव झाले, हेही सांगावे लागते. अशी यादी हाताशी नसेल, तर एकच शहर आकृतीत चार ठिकाणी विखुरते आणि त्याचे महत्त्व अकारण घटते. म्हणून ही यादी आपल्या दैनिकाने मराठवाड्यातील महाविद्यालयांच्या मदतीने करून सर्वांसाठी खुली ठेवावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आकृती छापताना मात्र रेषेचा अर्थ स्पष्ट लिहिला पाहिजे. समन्यायी, म्हणजे सर्वांना न्याय्य वाटा देणाऱ्या, पाणीवाटपाविषयी महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाने २०१४ मध्ये दिलेल्या आदेशाचा उल्लेख पाणी मागणारेही करतात आणि त्याला विरोध करणारेही. ग्राफमध्ये दोघांच्या रेषा सारख्याच दिसतात. एकाच वृत्तसंस्थेची बातमी अनेक आवृत्त्यांत आली, तर रेषा विनाकारण जाड होते. दोन बिंदू कागदावर जवळ आले, यावरूनही त्या दोघांचे साटेलोटे आहे असे ठरत नाही, कारण मांडणी प्रोग्राम करतो आणि तो पुन्हा चालवला की ती बदलूही शकते. माणसांच्या नावांबाबत तर ही काळजी दुप्पट घ्यावी. केवळ रेषेवरून कोणाची बदनामी होता कामा नये.

यासाठी जुन्या बातम्या दिनांक व ठिकाणासह युनिकोड मजकुरात, म्हणजे संगणकाला वाचता येणाऱ्या अक्षरांत, मिळायला हव्यात. पानांच्या चित्रांचा थेट उपयोग होत नाही. सुरुवात २०१६ पासून करावी. लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आले ते हेच वर्ष, आणि समन्यायी वाटपाबाबत मुंबई उच्च न्यायालयाचा निकालही याच वर्षीचा.

आपला,
एक वाचक, परभणी