दत्ताच्या घरी वायर टाकण्याआधी

चि. गणेशास,
अनेक आशीर्वाद.

आपल्या डीटीएचच्या बॉक्सवरून दत्ताच्या घरी वायर नेऊ का, रिचार्ज निम्मं-निम्मं भरू, असं तू विचारलंस. भावकीत एवढं चालायचंच, असं तुझं म्हणणं. सगळंच चालत नाही आणि सगळंच चुकीचंही नाही. छत्री वेगळी, बॉक्स वेगळा, रिचार्ज वेगळं. लोक तिन्हींची गल्लत करतात.

छत्री खुशाल वाटून घ्या. तिच्याखाली किती घरं आहेत याच्याशी तिला काही देणंघेणं नाही. छत्रीसमोरच्या दांड्यावर सिग्नल पकडणारी डबी असते, ती एलएनबी. दोन आउटपुटचा एलएनबी बसवायचा, दोन्ही पोर्टांना वेगवेगळी आरजी-6 वायर (छत्रीची नेहमीची जाड गोल वायर) लावायची आणि दोन्ही घरांत ज्याचा त्याचा बॉक्स, ज्याचं त्याचं रिचार्ज. कंपनी मात्र एकच हवी, कारण टाटा प्लेचा उपग्रह 83 अंश पूर्व रेखांशावर, दूरदर्शनच्या मोफत डीडी फ्री डिशचा 93.5 वर, साध्या छत्रीला दोन्हीकडं बघता येत नाही. चार पैसे वाचवायला एकाच पोर्टला स्प्लिटर, म्हणजे एका वायरीच्या दोन करणारा जोड, लावू नकोस. बॉक्सनं एलएनबीला 13 व्होल्ट दिले की उभ्या लहरींवरचे चॅनेल येतात, 18 दिले की आडव्या लहरींवरचे. दत्तानं 18 वाला चॅनेल लावला की तुझे 13 वाले गायब, आणि शिव्या खातो मेकॅनिक. पिन बसवताना जाळीची एक बारीक तारसुद्धा मधल्या तांब्याला टेकता कामा नये, नाहीतर शॉर्ट होऊन पडद्यावर ‘सिग्नल नाही’. एलएनबीजवळ वायरीला खाली लोंबती घडी ठेव, म्हणजे पावसाचं पाणी पिनेत न शिरता तिथूनच गळून जातं.

बॉक्समधून वायर काढून गल्लीपलीकडं नेणं ही मात्र निराळी गोष्ट. एक तर एका बॉक्समधून एका वेळी एकच चॅनेल निघतो. तू मॅच लावलीस की तिकडं वहिनींची मालिका गेली, महिनाभरात अबोला. साधी एचडीएमआय वायर दहा-पंधरा मीटरच्या पुढं दगा देते. दोन घरांचं अर्थिंग वेगळं असतं, म्हणून वळवाच्या विजेत त्या वायरीतून दोन्ही टीव्हींचे पोर्ट जळू शकतात. गल्लीवर लोंबणारी वायर कडब्याची पहिलीच गाडी ओढून नेते, आणि उंच हवी म्हणून महावितरणच्या खांबाला बांधलीस तर जिवाशी गाठ.

हे सगळं नीट बसवलं तरी मला ते पटणारं नाही. कंपनीला काय फरक पडतो, असं म्हणतोस. दत्ताकडं आज केबल आहे ना? ट्राय म्हणजे टीव्ही-टेलिफोनवरची सरकारी नियामक संस्था. तिच्या 2017 च्या नियमांत, वेगळा करार नसेल तर नेटवर्क शुल्कातले (चॅनेलच्या पैशांव्यतिरिक्त जोडणीसाठी दरमहा घेतात त्यातले) 55 टक्के मोठ्या ऑपरेटरचे आणि 45 टक्के गल्लीतल्या केबलवाल्याचे. शुल्क 130 रुपये धरलं तर साडेअठ्ठावन्न रुपये त्याचे. त्यातूनच वायर, ॲम्प्लिफायर आणि पावसात शिडी घेऊन येणाऱ्या पोराचा पगार. दत्तानं कनेक्शन तोडलं की सगळ्यात आधी हे साडेअठ्ठावन्न जातात.

दुसरी पळवाट म्हणजे आपल्याच नावावर दुसरा बॉक्स घेऊन तो त्याच्या घरी ठेवायचा. 2020 च्या दुरुस्तीत दुसऱ्या टीव्हीला नेटवर्क शुल्क 40 टक्क्यांहून जास्त लावता येत नव्हतं. म्हणजे 130 च्या जागी 52 आणि वर 18 टक्के जीएसटी. 2024 मध्ये शुल्कावरची मर्यादा उठली, आता दर कंपनी ठरवते. पण अशी सवलत मिळालीच तरी ती एका घरातल्या दुसऱ्या टीव्हीला. एक घर कुणाला म्हणायचं? माझं माप चूल. तुझी आजी वर माडीवर झोपते, जेवते तुमच्यात. तिचा टीव्ही तुझ्याच घरचा, तिला दुसरा बॉक्स जरूर घे. दत्ता वेगळा निघालाय, शिधापत्रिकाही वेगळी. त्याच्याकडं ठेवलेला बॉक्स म्हणजे कागदावर खोटं. शिवाय खातं एक असल्यामुळं तू रिचार्ज विसरलास की दोन्ही घरं बंद, आणि उद्या वाकडं आलं तर तो बॉक्स त्याच्या नावावर करताना नाकीनऊ येतील.

नेटफ्लिक्सचंही तेच. 20 जुलै 2023 पासून त्यांनी भारतात एका खात्याला एकच घर असं धोरण लावलं. 649 च्या प्लॅनमध्ये चार स्क्रीन मिळतात, त्या एका घरातल्या चार माणसांसाठी. सुनबाई माहेरी गेल्यावर फोनवर बघते ते योग्यच, खातं तिच्याही घरचं आहे. पण दत्ताच्या टीव्हीवर पुन्हा पुन्हा कोड मागितला जाऊ शकतो आणि तू शेतात असताना तो तुला फोन करत बसेल. तोच पासवर्ड तू ईमेललाही ठेवला असशील तर तो आजच बदल.

दत्ताची अडचण पैशाची असेल तर त्याला फ्री डिश घेऊन दे. छत्री आणि बॉक्सचा एकदाचा खर्च, पुढं महिन्याला काही नाही, सह्याद्रीही लागतं. आपल्याकडं तो उपग्रह आग्नेयेला, क्षितिजापासून साधारण 60 अंश वर येतो. ऑफसेट छत्री (घरोघरची नेहमीची, जिचा एलएनबी मधोमध नसून खालच्या बाजूला असतो) मात्र तेवढी आभाळाकडं वळवायची नसते, ती बरीच उभी दिसते. नवखे तिथंच चुकतात. त्याच्या घराच्या त्या अंगाला लिंब आहे, म्हणून जागा माळवदाच्या दुसऱ्या कडेला बघ. ओली पानं आडवी आली की चित्राचे चौकोन पडतात. बॉक्सच्या मेनूत सिग्नलच्या स्ट्रेंथपेक्षा क्वालिटीचा आकडा बघत छत्री केसभर-केसभर हलव, नट हातानंच धरून ठेव आणि आकडा स्थिर झाला की मगच पाना लाव.

आणि त्याला तुझ्याच कंपनीचं कनेक्शन हवं असेल तर दोघांत एक छत्री पुरेल. सध्याच्या एलएनबीला किती पोर्ट आहेत ते गच्चीवर जाऊन बघ आणि फोटो पाठव, म्हणजे कोणता आणायचा ते सांगतो.

तुझे,
अण्णा