काच खाली जात होती, म्हणजे मोटर शाबूत होती

प्रति,
ग्राहक सेवा व्यवस्थापक,
मुंबई विभाग

विषय: पॉवर विंडोचा दोष न शोधता पार्ट बदलल्याबद्दल तक्रार व पैसे परत मिळण्याबाबत

महोदय,

माझी गाडी चार वर्षांची आहे आणि आजवरचं प्रत्येक सर्व्हिसिंग तुमच्याच अधिकृत वर्कशॉपमध्ये झालं आहे.

जुलैच्या सुरुवातीला मागच्या डाव्या दाराची काच अडायला लागली. त्या दाराच्या बटणाने ती खाली जायची, पण वर यायची नाही. माझ्या, म्हणजे ड्रायव्हरच्या बाजूच्या, सगळ्या काचा चालवणाऱ्या मास्टर स्विचने तर वरही नाही आणि खालीही नाही. बाकीच्या काचा मास्टरवरून नीट चालत होत्या. हे सगळं मी सविस्तर सांगितलं. जॉबकार्डवर मात्र 'विंडो चालत नाही' एवढंच लिहिलं गेलं. संध्याकाळी मास्टर स्विचचं अख्खं पॅनेल बदलून 6,150 रुपयांचं बिल दिलं. काच दोनदा वर-खाली करून दाखवली, तेव्हा ती चालली.

तिसऱ्याच दिवशी आईला सायनच्या डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवून लालबागला परतत होतो. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन नऊ दिवस झाले होते आणि डोळ्यात पाण्याचा थेंबही जाता कामा नये, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तिला एसी सोसत नाही, म्हणून दादर टीटीला तिने काच थोडी खाली केली. हिंदमाताला पोहोचेपर्यंत पाऊस कोसळायला लागला, पुढे पाणी भरलेलं, गाड्या जागच्या हलेनात, आणि काच काही केल्या वर येईना. औषधांची प्लॅस्टिकची पिशवी फाडून ती तिने खिडकीला दोन्ही हातांनी धरून ठेवली होती. पाऊण तास. मी पुढे स्टिअरिंगवर बसून मास्टरचं नवंकोरं बटण ओढत होते.

गाडी पुन्हा तुमच्याकडे आणली. या वेळी 'मोटर वीक झाली आहे, काच उचलत नाही, रेग्युलेटरसकट बदलावी लागेल' (रेग्युलेटर म्हणजे काच वर-खाली सरकवणारी यंत्रणा) असं सांगून 8,900 रुपयांचं एस्टिमेट दिलं. मी नकार दिला आणि आमच्या गल्लीतल्या वायरमनकडे गेले. त्यांनी दार उघडायच्या आधीच सांगितलं, "ताई, काच खाली जाते ना? मग मोटर चांगली आहे."

कारण मोटर एकच असते. करंटची दिशा उलटी केली की तीच काच वर नेते. मोटर खरंच कमजोर असती, तर वरचं बटण ओढल्यावर ती घुरघुरली असती, आतला दिवा किंचित मंद झाला असता. इथे आवाज नाही, दिवाही जसाच्या तसा. म्हणजे मोटरपर्यंत करंटच पोहोचत नव्हता. माझ्या गाडीत मास्टरचा करंट मागच्या दाराच्या स्विचमधूनच मोटरकडे जातो, त्यामुळे तो छोटा स्विच खराब झाला की मास्टरही हात टेकतो. वायरमनदादांनी उजव्या दाराचा स्विच काढून डावीकडे लावला आणि काच सरसर वर गेली. एवढ्याला दहा मिनिटंही लागली नाहीत. डावा स्विच उघडून त्यांनी मला दाखवला. आत तांब्याच्या एका पट्टीवर हिरवा गंज चढला होता. असा कॉन्टॅक्ट कधी लागतो, कधी लागत नाही. तुमच्याकडे काच दोनदा चालली ती त्यामुळेच. नवा स्विच आणि मजुरी मिळून 950 रुपये लागले. त्यानंतर काच एकदाही अडलेली नाही.

ज्या शहरात 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला आणि बंद गाड्यांमध्ये अडकून माणसं दगावली, तिथे काच उघडणं-मिटणं ही चैनीची गोष्ट नाही. मला राग पैशांचा कमी आणि याचा जास्त आहे, की तुमच्या माणसांनी स्विचची अदलाबदल करून बघण्याचेही कष्ट घेतले नाहीत.

माझे 6,150 रुपये परत करावेत. काढलेलं मास्टर पॅनेल मला परत मिळालेलं नाही. 'स्क्रॅपमध्ये गेलं' असं तोंडी सांगण्यात आलं. माझा चालू पार्ट स्क्रॅपमध्ये कुणाच्या परवानगीने गेला, याचं लेखी उत्तर द्यावं. पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे 1915 वर, तक्रार नोंदवेन आणि ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार सेवेतील त्रुटीबद्दल जिल्हा आयोगाकडे जाईन.

दोन्ही जॉबकार्ड, बिल, एस्टिमेट आणि गंजलेल्या स्विचचे फोटो सोबत जोडले आहेत. स्विच मी जपून ठेवला आहे, तुमच्या तंत्रज्ञांना तो कधीही येऊन पाहता येईल.

आपली ग्राहक,
लालबाग, मुंबई