धुळ्यातली आमची जुनी रुद्रभूमी (दफनभूमी) शोधायला मदत केलेल्या सगळ्यांचे आभार

नावं मुद्दाम टाकत नाहीये, बऱ्याच जणांनी स्वतःच नको सांगितलं. आमच्यात, म्हणजे लिंगायतांत, दहन नाही दफन असतं, त्यामुळे पणजोबांच्या वडिलांची समाधी जुन्या धुळ्याकडे कुठेतरी असणार एवढंच घरात माहीत होतं. 1819 च्या सुमाराला इंग्रजांच्या ब्रिग्ज साहेबाने इथे ठाणं केलं, नवी पेठ आखली, तेव्हा जुनं गाव मागे पडलं, त्यात पुढे 1872 चा पांझरेचा पूर, मग कोण लक्षात ठेवतं.

सिटी सर्व्हेचा जुना नकाशा काढून देणारे दादा, मोडी वाचून देणारे रिटायर सर (चहासुद्धा घेतला नाही हो, उलट मलाच पाजला), आणि वेड्या बाभळी तोडायला कोयता घेऊन आलेली गल्लीतली पोरं, तुमचे उपकार फिटणार नाहीत. सगळ्यात मोठं काम मात्र तिथल्या एका आजींचं. आम्ही भलतीकडेच खणत होतो तर त्या ओट्यावरूनच ओरडल्या, "आठे नही भो, तठे दगड शे!" आणि खरंच निघाला, वर शिवलिंग, बाजूला नंदी, खाली झिजलेली अक्षरं. दगडावर पाणी मारून मोबाईलचा टॉर्च आडवा धरला तेव्हा कुठे आमचं आडनाव दिसलं, पुढे शके 17 एवढंच, बाकी टवका उडालेला. आजींनी वर कळण्याची भाकरी-ठेचा पण खाऊ घातला.

तिथे अजून बरेच दगड आहेत, फोटो काढून ठेवलेत, कोणाच्या घरातले असतील तर बिनधास्त मागा.