मित्रास पत्र: गाडीचे बाहेरचे लाइट लागत नाहीत त्याबद्दल

गुहागर

प्रिय मित्रा,

तू लिहिलंस की तुझ्या इलेक्ट्रिक गाडीची स्क्रीन चालू, एसी चालू, बॅटरी 70 टक्के, गाडी मस्त पळतेय, पण बाहेरचा एकही लाइट लागत नाही, आणि सर्व्हिसवाल्याने बघितल्या न बघितल्यासारखं करून दोन्ही हेडलाइट बदलायचा आकडा सांगितला. अरे थांब, एक रुपया देऊ नकोस. पुढचे, मागचे, पार्किंग सगळे एकदम मेले असं होत नाही रे. एक लाइट गेला तर तो लाइट किंवा त्याचा कनेक्टर बघायचा, सगळे गेले तर सगळ्यांच्या मुळाशी जे आहे ते बघायचं.

आधी ते 70 टक्के डोक्यातून काढ. ती मोठी बॅटरी मोटरसाठी, लाइट चालतात ते 12 व्होल्टच्या छोट्या बॅटरीवर, साध्या गाडीत असते तशीच. मोठीतून छोटी चार्ज करायला डीसी-डीसी कन्व्हर्टर असतो, इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर नसतोच इथे. आणि स्टिअरिंगजवळची लाइटची दांडी फिरवली म्हणजे करंट थेट दिव्यात जात नाही, दांडी बॉडी कंट्रोल मॉड्यूलला, म्हणजे दिवे वगैरे सांभाळणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरला सांगते आणि मग तो लाइट लावतो. छोट्या बॅटरीचे व्होल्ट पडले की हा मॉड्यूल काहीबाही वागायला लागतो, मोठी बॅटरी फुल असली तरी.

तर दांडी ऑटोवरून काढून हाताने हेडलाइटवर कर, कधीकधी काचेजवळचा उजेड ओळखणारा सेन्सरच फसलेला असतो. हॅझर्ड, म्हणजे चारही इंडिकेटर एकदम लागतात का ते तू लिहिलंच नाहीस, ते कळव, त्यावरून खूप कळतं. मग मल्टीमीटर घे. रात्रभर उभ्या गाडीत छोटी बॅटरी लेड-ॲसिडवाली असेल तर 12.6 च्या आसपास हवी, 12 च्या खाली असेल तर तिथेच घोडं अडलंय. गाडी चालू करून रेडीवर टाकलीस की साधारण साडेतेरा ते साडेचौदा दिसायला हवेत, व्होल्ट चढलेच नाहीत तर कन्व्हर्टरकडून चार्जिंग येत नाहीये, ते काम कंपनीच्या माणसाचं. नारिंगी जाड केबलला बोट लावायचं नाही, त्यात शेकडो व्होल्ट असतात, हे तुला आणि वहिनींना दोघांनाही सांगतोय.

फ्यूज काढून मीटरनेच तपास, नुसता डोळ्यांनी बघून भागत नाही, बारीक चीर दिसत नाही. लाल 10 अँपिअरचा, निळा 15 चा, जेवढ्याचा होता तेवढ्याचाच घाल. नवीन घातल्या घातल्या उडाला तर पुढे कुठेतरी वायर शॉर्ट होतेय, पावसाळ्यात उंदीर बॉनेटमध्ये शिरतात आणि वायरी कुरतडतात, तेही बघ. मोठ्या अँपिअरचा फ्यूज ठोकून काम चालवायचं नाही हां, वायर जळते.

पण माझा खरा संशय अर्थिंगवर आहे, म्हणजे करंट बॉडीतून बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत जातो त्या वाटेवर. मागे तू म्हणाला होतास ना, ब्रेक दाबला की मागचा इंडिकेटर मंद पेटतो म्हणून? बल्बवाल्या दिव्यात असं झालं की समजायचं, करंटला बॉडीकडे परतायला नीट वाट मिळत नाहीये, तो शेजारच्या बल्बमधून वाट काढतोय. तुझी गाडी बारा महिने हर्णैच्या खाऱ्या वाऱ्यात उभी, वर दाभोळ-धोपावे फेरीबोटीत डेकवर खारे शिंतोडे. अर्थची वायर जिथे बोल्टने बॉडीला आवळलेली असते तिथे पत्र्याला गंज धरतो आणि तांब्यावर हिरवट पूड चढते, वरून टेप असल्यामुळे बाहेरून काही कळत नाही. मागच्या दिव्याचं अर्थ वेगळं आणि मॉड्यूलचं वेगळं असू शकतं, पण एक सडलं तर दुसरंही तपासायलाच हवं. गाडी बंद कर, छोट्या बॅटरीचा निगेटिव्ह काढ, बोल्ट सोडव, पत्रा आणि रिंग सँडपेपरने चकचकीत कर, घट्ट आवळ, मग वरून ग्रीस. नंतर निगेटिव्ह परत लावून, जो लाइट लागत असेल तो चालू ठेवून त्याच्या अर्थपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत व्होल्ट बघ, जवळपास शून्य हवेत, अर्धा व्होल्ट दिसला तरी जॉइंट खराब. तारेचा एकच धागा शिल्लक असला तरी मीटर 12 दाखवतो आणि लोड पडला की सगळं बसतं, म्हणून लाइट चालू ठेवूनच मोजायचं. कनेक्टरवर प्रेशरचं पाणी अजिबात मारू नकोस, काँटॅक्ट क्लीनर मार आणि सुकू दे.

एवढं करूनही नाही लागले तर स्कॅनर लावून मॉड्यूलमधले बिघाडाचे कोड वाचून घे, आणि हेडलाइट बदला म्हणणाऱ्याला विचार, कनेक्टरवर पॉवर आणि अर्थ नीट येतंय हे मोजलं का? तिथपर्यंत सगळं ठीक, मॉड्यूलचा हुकूमही पोचतोय आणि तरी दिवा काळोखा, तरच तो दिवा गेला. नाहीतर नवा आणूनही तोच प्रकार.

तोवर रात्री गाडी काढायची नाही, कळलं? आपल्या वळणांवर समोरून डंपर येतात आणि तुझे टेललाइटही बंद आहेत, मागच्याला तू दिसणार नाहीस. रविवारी इकडे येणार आहेस तर सकाळच्या फेरीने ये आणि उजेड असताना परत जा, नाहीतर मुक्काम कर, आईने कधीपासून विचारलंय. येताना फ्यूज बॉक्सच्या झाकणाच्या आतल्या तक्त्याचा फोटो काढून ठेव, मल्टीमीटर आणि क्लीनर माझ्याकडे आहे, अर्थिंग आपण मिळून खोलू.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझाच,
गुहागरवाला