आराखड्याच्या बैठकीला कोण बसते?

संपादक महोदय,

वैद्यकीय उपकरणे बनवणाऱ्या कंपन्यांमधील मनुष्यबळाच्या विविधतेची चर्चा बहुधा भरतीच्या टक्केवारीपाशीच संपते. गुणवत्ता विभागात बरीच वर्षे काढल्यावर मला मात्र वाटते की, भरती झालेल्या माणसांपैकी आराखड्याच्या बैठकीला कोण बसते, हे आधी पाहावे.

एक प्रसंग सांगतो. शस्त्रक्रियेत वापरायच्या एका स्टेपलरचा खटका दाबायला लागणारा जोर आमच्या चाचणीत मान्य ठरला होता. चाचणी करणारे सगळे रुंद पंजाचे पुरुष. जुळणी विभागातील एक सहकारी मात्र तोच खटका महिनोन्महिने दोन्ही हातांनी दाबत होती. तिला कोणी विचारले नव्हते आणि आपणहून सांगावे, अशी आमच्याकडे रीत नव्हती. खटका पुढे बदलला, पण साचे तयार झाल्यावर, म्हणजे दुप्पट मनस्तापाने.

बोटातून प्रकाश सोडून रक्तातील ऑक्सिजन मोजणाऱ्या पल्स ऑक्सिमीटरची गोष्ट याहून गंभीर आहे. त्वचेतील मेलॅनिन या रंगद्रव्यामुळे गडद वर्णाच्या रुग्णांचा ऑक्सिजन प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसू शकतो, ही शंका १९९० च्या संशोधनातही होती. तरी २०२० मधील अमेरिकी अभ्यासात अशी छुपी कमतरता कृष्णवर्णीय रुग्णांत श्वेतवर्णीयांच्या जवळपास तिप्पट वेळा निसटल्याचे आढळले. चमूत विविध वर्णांची माणसे असती तर प्रकाशाचे भौतिकशास्त्र बदलले नसते, हे मान्य. पण मोजणी कोणाकोणाच्या बोटांवर पडताळली, हे विचारणारे कोणीतरी वेळीच भेटले असते.

आयएसओ १३४८५ हे वैद्यकीय उपकरणांच्या गुणवत्ता व्यवस्थापनाचे आंतरराष्ट्रीय मानक कर्मचाऱ्यांची सक्षमता आणि प्रशिक्षणाच्या नोंदी मागते. प्रत्यक्षात कार्यसूचना एकाच भाषेत असतात, ती नीट न येणारा कामगार नोंदवहीत सही करतो आणि लेखापरीक्षकाचे समाधान होते. चूक झाली की मग त्याच्या 'निष्काळजीपणा'ची चौकशी!

व्यवस्थापनाने जुळणी आणि देखभाल विभागातील माणसांना आराखड्याच्या आढाव्यात बोलवावे, कार्यसूचना त्यांना कळणाऱ्या भाषेत आणि चित्रांसह द्याव्यात, आणि इतिवृत्तात दोन रकाने वाढवावेत: हरकत कोणी घेतली आणि जोखीम नोंदींत तिचे पुढे काय झाले.

आपला,
एक निवृत्त गुणवत्ता अभियंता